पीच कॉब्लर आणि उत्तम आर्जव

गेल्या मे महिन्यात आमच्या महिला मंडळाच्या बैठकीला मी आंब्याचा कॉब्लर करून नेला. बैठक दुपारी चारची, त्यामुळे सूर्यास्ताची घाई नव्हती. अंडं नाही, यीस्ट नाही, व्हॅनिलाचा अर्कसुद्धा नाही, हे आधी सांगितलं आणि मगच वाट्या पुढं केल्या. पाच मिनिटांत ट्रे रिकामा झाला. "कृती द्या की वो," म्हणून चौघीजणी मागं लागल्या. कृती दिली. एकीनं विचारलं, "कुणाकडनं शिकलात?" "मुलीच्या शेजारणीकडनं," एवढं सांगून मी विषय बदलला.

ते उत्तर खोटं नव्हतं, पण पुरंही नव्हतं. पुरं उत्तर द्यायला वाटी हातात धरून उभं राहण्याएवढा वेळ पुरत नाही, म्हणून ते इथं लिहिते.

मी कॉलेजात इंग्रजी शिकले तेव्हा कॉब्लर म्हणजे जोडे शिवणारा एवढंच ठाऊक होतं. हा खायचा कॉब्लर मला भेटला तो पन्नाशी उलटल्यावर, अमेरिकेत, जॉर्जिया राज्यात. माझी मुलगी तिथं अटलांटाच्या एका उपनगरात राहते. इंग्लंडहून अमेरिकेत वस्तीला गेलेल्या लोकांना तिथं आपल्या पद्धतीची पुडिंगं करायला ना भांडी मिळाली ना सामान. मग मिळेल ते फळ भांड्यात शिजवायचं आणि वर कणकेचे गोळे टाकून भाजायचं, अशी सोय त्यांनी काढली. त्यातून हा पदार्थ आला. पाय करायला कौशल्य लागतं, पारी लाटावी लागते, कड मुडपावी लागते. कॉब्लरला त्यातलं काही लागत नाही. वरचा थर ओबडधोबड, मधूनमधून फळाचा रस उकळून वर आलेला. दिसायला साधा, घरगुती. जॉर्जियात तो पीचचा करतात. पीच मूळचं चीनकडचं, स्पॅनिश लोकांबरोबर अमेरिकेत गेलं. पण जॉर्जियानं त्याला इतकं आपलं मानलं, की 1995 साली ते राज्याचं अधिकृत फळ ठरलं. मेच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत तिथं पीचचा हंगाम असतो. आपल्याकडं आंब्याचा असतो तसाच, सगळीकडं त्याचा वास आणि त्याच्याच गप्पा.

आम्ही दोघं गेलो ते जूनमध्ये. मुलगी कामावर, जावई कामावर, सहा वर्षांचा नातू सुटीमुळं घरी. तिकडं जूनअखेर सूर्य मावळायला पावणेनऊ होतात. त्यामुळं साडेसातला पानावर बसलं तरी रात्रिभोजनाचा दोष लागत नव्हता आणि यांना त्याचं फार समाधान. बाकी खाण्याचं मात्र मी पहिल्या दिवसापासून हातात घेतलं होतं. पाव आणला की पिशवीवरची बारीक अक्षरं वाचायची, बिस्किटं आणली की वाचायची. आपल्याकडं पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात. तिथं पिठाच्या पिशवीवर पुढच्या वर्षाची तारीख! मुलगी म्हणायची, "आई, सगळं बघत बसलीस तर उपाशी राहशील." मी म्हणायची, "राहीन."

पाचव्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या आजी आल्या. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, काळ्या अमेरिकन, शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. हातात फडक्यात गुंडाळलेली काचेची डिश, अजून गरम. "तुमचे आईवडील आलेत असं कळलं, म्हणून आणलंय," असं मुलीला म्हणाल्या. माझा हात दोन्ही हातांत धरला, नातवाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. जेवायची वेळ झालीय, आता त्रास नको, असं म्हणून गेल्या.

दार लागलं. फडकं काढलं तर लोणी आणि दालचिनीचा असा वास सुटला, की यांनीसुद्धा पेपर खाली ठेवला. मी विचारलं, "यात अंडं असतं?"

"नसतं बहुतेक," मुलगी म्हणाली.

"बहुतेक म्हणजे? आणि चरबी?"

"पूर्वी घालायचे. हल्ली लोणीच घालतात. विचारून येऊ का?"

आणि मी म्हणाले, "आता कशी विचारणार? त्यांना अपमान वाटेल."

हे वाक्य मी त्यानंतर शंभरदा आठवलं आहे. आजींच्या अपमानाची मला एवढी काळजी होती, की त्यांच्या दाराशी जाऊन एक प्रश्न विचारणं मला जमलं नाही. पण तीच डिश कचऱ्याच्या पिशवीत उपडी करणं जमलं. ते काम मी स्वतः केलं. चमच्यानं कडा खरवडल्या, पिशवीला गाठ मारली, मागच्या दारातल्या डब्यात टाकली. नातू बघत होता. फळ, पीठ, दूध, साखर पिशवीत बांधून जूनच्या उन्हात ठेवल्यावर त्यात काय होतं, हे आपल्यातल्या बाईला सांगायला नको. ज्या हिंसेच्या भीतीनं खाल्लं नाही, तीच गाठ मारून बाहेर ठेवली.

भांडं रिकामं परत करू नये अशी आपली रीत. मी दुसऱ्या दिवशी बेसन भाजलं, लाडू वळले, डिश घासूनपुसून त्यात भरले. आम्ही तिघं, म्हणजे मी, मुलगी आणि नातू, देऊन यायला गेलो. आजींनी दारातच एक लाडू उचलला आणि तोंडात टाकला. डोळे मिटले. नाव विचारलं. यात काय आहे, असं विचारलं नाही. मग हसून म्हणाल्या, "आणि माझा कॉब्लर कसा झाला होता?"

मुलगी म्हणाली, "फार छान. सगळ्यांना आवडला."

मी मान डोलावली. आजींनी वाकून नातवाला विचारलं, "तुला?" त्यानं आधी आईकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि तोही "हो" म्हणाला.

एका कॉब्लरसाठी आमच्या तीन पिढ्या खोटं बोलल्या.

आवडला म्हटल्यावर पुढचं ओघानं आलंच. चार दिवसांनी आजींनी मला त्यांच्या स्वयंपाकघरात बोलावलं, शिकवते म्हणून. गेले. ओट्यावर पीच मांडून ठेवले होते. उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट टाकून लगेच गार पाण्यात काढले की त्यांची साल नुसत्या बोटानं सुटते. बाकीचं प्रमाण पाठ करायलाही नको इतकं सोपं. अर्धा कप लोणी डिशमध्ये घालून ती डिशच ओव्हनमध्ये ठेवायची, लोणी वितळेपर्यंत. एक कप पीठ, एक कप साखर, एक कप दूध एकत्र करायचं. पीठ साधं नव्हे, बेकिंग पावडर आणि मीठ आधीच मिसळलेलं मिळतं, ते. हे मिश्रण वितळलेल्या लोण्यावर ओतायचं, ढवळायचं नाही. त्यावर चार कप पीचच्या फोडी, थोडी साखर, दालचिनी. पुन्हा ढवळायचं नाही. साडेतीनशे अंशांवर तासभर. अंश तिकडचे फॅरनहाइट, आपले पावणेदोनशे-एकशेऐंशी धरावेत. फळं वर ठेवलेली असतात, पण भाजताना पीठ फुगून वर येतं आणि फळं खाली जातात. हे सगळं मी डोळ्यांनी बघितलं. यात अंडं नव्हतं. चरबी नव्हती.

लोणी कापताना आजी सहज म्हणाल्या, "माझी आई यात डुकराची चरबी घालायची, तेव्हा लोणी महाग होतं. मीही कितीतरी वर्षं थोडी घालत होते. पण तुमच्या मुलीनं मागं एकदा सांगितलं होतं, तुम्ही मांस नाही, अंडं नाही, काहीच खात नाही. म्हणून तुमच्यासाठी केला तेव्हा नुसत्या लोण्यात केला. डिशसुद्धा नवीन काढली."

मी ओट्याला धरून उभी राहिले.

मग त्यांनी कपाटातून व्हॅनिलाच्या अर्काची बाटली काढली. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी तोंड उघडलं. "ते नको घालायला," म्हटलं. "का?" "त्यात अल्कोहोल असतं. आम्हाला चालत नाही." त्यांनी चष्मा लावला, बाटली फिरवून वाचली. पस्तीस टक्के लिहिलं होतं. तिकडे त्या अर्कात तेवढं असावंच लागतं. आजी मोठ्यानं हसल्या. त्यांचं चर्च दारूच्या कडक विरोधातलं आणि चर्चच्या प्रत्येक जेवणाला त्या गेली पन्नास वर्षं याच बाटलीतलं घालून कॉब्लर नेत होत्या! टोपण लावून त्यांनी बाटली परत ठेवली आणि विचारलं, "मग त्याऐवजी तुम्ही काय घालता?" वेलदोडा, म्हणाले. "तुमच्या त्या लाडवात होता तो?" "हो." "मग उद्या आणा थोडा."

बस्स, एवढंच. नकार देऊन झाला. कोणाचा अपमान झाला नाही, कोणी रागावलं नाही, उलट ओळख वाढली. जे चार दिवसांपूर्वी मला अशक्य वाटलं होतं, त्याला लागलं अर्धं मिनिट.

तो कॉब्लर मी खाल्ला. चांगला होता. घशाखाली मात्र सुखानं उतरला नाही.

यात एक पेच आहे, तो लपवत नाही. पहिल्या कॉब्लरमध्ये व्हॅनिला असणारच. म्हणजे नियमाच्या हिशोबानं तो न खाणं बरोबरच ठरलं. मद्य, मांस, मधु यांचा त्याग हा आपल्या मूलगुणांचा पाया. त्यात थेंबाचा हिशोब करायचा नाही, असं मी लहानपणापासून ऐकलं. ते मी आजही मानते. "एवढ्या प्रेमानं आणलं होतं, खायचं होतं की," असं माझ्या भावजयीनं म्हटलं, तेव्हा मला ते पटलं नाही. कुणी प्रेमानं दिलं म्हणून व्रत मोडायचं, तर आपल्या नातेवाइकांच्या प्रेमात एकही व्रत वर्षभर टिकणार नाही. तेव्हा खावं की न खावं हा माझा प्रश्नच नव्हे. न खाण्याची रीत कोणती, हा माझा प्रश्न आहे. व्रत माझं आहे, तर त्याचं मोल मी द्यायचं. मी ते आजींकडून वसूल केलं, मुलीकडून केलं आणि सहा वर्षांच्या पोराकडून केलं.

मंडळातल्या एका जाणकार बाईंशी हे बोलले तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही उगीच मनाला लावून घेता. दुसऱ्याचं मन दुखेल असं सत्यसुद्धा बोलू नये, असं आपल्या शास्त्रातच आहे." आहे खरं. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात सत्याणुव्रताचं लक्षण दिलं आहे. स्थूल असत्य स्वतः बोलत नाही, दुसऱ्याकडून बोलवत नाही आणि ज्यानं कुणावर विपत्ती येईल असं सत्यही बोलत नाही, तो त्या व्रताचा धारक. आपण यातला शेवटचा भाग पाठ केला आहे, कारण तो सोयीचा आहे. पण विपत्ती म्हणजे काय? प्रवचनात उदाहरण देतात ते शिकाऱ्याचं. हरीण कुठं पळालं असं तो विचारतो, तेव्हा खरं सांगू नये, कारण जीव जातो. माझ्या कॉब्लरमध्ये कुणाचा जीव अडकला होता? अडकली होती ती माझी अवघडलेली अवस्था. मी आजींना वाचवत नव्हते, स्वतःला वाचवत होते. दयेचं नाव घेऊन आपण जे खोटं बोलतो, त्यातलं बरंचसं असंच असतं. मी माझ्यापुरतं तपासून बघितलं आहे. तुम्हीही बघा.

आणि मधला भाग? दुसऱ्याकडून बोलवत नाही, हा? आपल्याकडं पापाचा हिशोब तीन रकान्यांत मांडतात: कृत, कारित, अनुमोदित. केलेलं, करवलेलं आणि दुसऱ्यानं केल्यावर मान डोलावून मान्य केलेलं. त्या दारात मी एक शब्दही बोलले नव्हते, कारण माझं इंग्रजी बोलणं अडखळतं. तरी तिन्ही रकाने माझ्याच नावावर भरले. फेकलं मी, खोटं बोलायला लावलं मी, मान डोलावली मी.

मग करायला काय हवं होतं? याचं उत्तर मला बेळगावात परत आल्यावर मिळालं आणि ते डोळ्यांसमोरच होतं. आमच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत मी लग्न होऊन आल्यापासून जाते. 1204 सालची बस्ती, मूलनायक नेमिनाथ. नेमिनाथांची कथा आपल्याला तोंडपाठ. वरात दाराशी आलेली, वाजंत्री चाललेली. लग्नाच्या जेवणासाठी कोंडलेल्या जनावरांचं ओरडणं त्यांच्या कानांवर आलं आणि त्यांनी रथ फिरवला. भर वरातीतून, सगळ्यांच्या देखत. ते मांडवात बसले नाहीत, हसून पान घेतलं नाही, मागून टाकून दिलं नाही. राजुलला दुःख झालंच. त्या दुःखाची गाणी आपण अजून म्हणतो. पण तिला फसवलं नव्हतं. दुःख देणं आणि फसवणं यांत फरक आहे, तो मी इतकी वर्षं नेमिनाथांच्या पुढं हात जोडूनही शिकले नव्हते.

तेवढं लांब जायला नको. मुनिराज आहाराला येतात तेव्हा काय होतं? आपण पहाटेपासून चौका लावलेला असतो. सोवळ्यानं पाणी आणलेलं, गाळलेलं, धान्य निवडलेलं. तिसऱ्या घासाला केस निघतो आणि अंतराय होतो. मुनी ओंजळ सोडतात, शांतपणे उठतात. ज्या बाईच्या हातून झालं ती कोपऱ्यात रडते. माझ्या सासूबाई एकदा तीन दिवस धड जेवल्या नव्हत्या. पण त्यांना कधी असं वाटलं नाही, की महाराजांनी आपला अपमान केला. नकार डोळ्यांदेखत झाला, त्यात राग नव्हता, तुच्छता नव्हती, लपवाछपवी नव्हती. असा नकार माणूस पचवतो. आपण गृहस्थ, आपल्याला तेवढं निर्मळ होता येत नाही, हे खरं. पण दिशा तीच.

दशलक्षण पर्वात तिसरा दिवस उत्तम आर्जवाचा. मनात एक, बोलण्यात दुसरं, करण्यात तिसरं असं नसणं म्हणजे आर्जव. त्या वर्षी बस्तीत त्यावर प्रवचन चाललेलं असताना माझ्या डोळ्यांपुढं ती काचेची डिश होती. आणि पर्व संपल्यावर क्षमावाणी. आपण काय करतो? भेटेल त्याला हात जोडून क्षमा मागतो आणि फोनवर एकच निरोप दोनशे जणांना पाठवतो. त्या दोनशेतल्या एकशेनव्वद जणांचं आपण काही वाकडं केलेलं नसतं. ज्यांचं केलेलं असतं, ते त्या यादीत नसतात. माझी एक यादीबाहेरची होती.

मुलीला म्हटलं, मला शेजारच्या आजींशी बोलायचंय. ती म्हणाली, "आई, आता कशाला? मला रोज त्यांचं तोंड बघायचंय." मी म्हणाले, "म्हणूनच." तिनं व्हिडिओ लावून फोन त्यांच्या हातात दिला. मी वाक्यं कागदावर लिहून ठेवली होती. तरी अडखळले. पहिला कॉब्लर आम्ही खाल्ला नाही, विचारायचा धीर झाला नाही, फेकून दिला आणि खोटं बोललो. यात माझ्या मुलीचा दोष नाही. क्षमा करा.

आजी गप्प झाल्या. फोन तुटला की काय असं वाटावं इतका वेळ. मग विचारलं, "दुसरा खाल्लात ना?"

"खाल्ला."

"बरं," म्हणाल्या. "बरं झालं सांगितलंत." आणि पावसाची चौकशी केली.

जावयाचं मत वेगळं पडलं. तो मोकळेपणानं म्हणाला, "आई, तुम्ही मन हलकं केलंत, ते ओझं त्यांच्या डोक्यावर ठेवून. त्यांना न कळतं तर त्या सुखात होत्या." हे मला लागलं, कारण यात तथ्य आहे. क्षमा मागण्यातसुद्धा स्वार्थ असू शकतो. मी त्याला एवढंच म्हणाले, की त्यांना न कळतं तर त्या पुढच्या जूनमध्ये पुन्हा करून आणत्या आणि तुम्ही पुन्हा पिशवीला गाठ मारता. सुख खोट्यावर उभं असलं की त्याला दर वर्षी नवीन खोटं घालावं लागतं. त्याला हे कितपत पटलं ठाऊक नाही. माझंही शंभर टक्के समाधान झालेलं नाही.

पण अमेरिकेतली गोष्ट सांगून मोकळं होणं सोपं असतं, ती सातासमुद्रापार असते. खरी परीक्षा दाराशी झाली. आम्ही बेळगावात कँपाजवळ राहतो. समोरचं घर गोव्याकडच्या ख्रिस्ती कुटुंबाचं. गेली पंचवीस वर्षं दर नाताळात तिथून ताट येतं. नेवऱ्या, कुलकुल, दोदोल आणि केक. पंचवीस वर्षं मी ते ताट हसून घेतलं, "कशाला एवढं," म्हटलं आणि दार लागल्यावर जसंच्या तसं आमच्याकडं भांड्याला येणाऱ्या बाईंना देऊन टाकलं. फेकत नव्हते, म्हणून मनाला कधी टोचलंही नाही. तुमच्यापैकी किती जणींच्या घरी असं चालतं, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. जे आपल्या तोंडाला चालत नाही, ते दुसऱ्याच्या पदरात टाकायचं आणि वर दान केल्याचं समाधान मिळवायचं. कारिताचा रकाना इथंही आहेच. शेजारणीशी खोटं तर दर वर्षीचं. "केक मस्त झालावता हो."

त्या नाताळात ताट घेऊन आल्या तेव्हा मी त्यांना आत बोलावून बसवलं आणि सांगितलं. त्या बघतच राहिल्या. "अहो, पंचवीस वर्षं! आधी सांगायचं नाही का? केक राहू दे. कुलकुलातसुद्धा अंडं असतं, बाई, ते पण तुम्हाला नको. नेवऱ्या घ्या. त्यात नुसतं खोबरं, साखर, वेलची. दोदोल पण घ्या, गूळ, नारळ आणि तांदळाचं पीठ." पंचवीस वर्षं ज्या नेवऱ्या मी न बघता देऊन टाकल्या, त्या आपल्या करंजीच्या सख्ख्या बहिणी. मी त्यांच्यासमोर एक खाल्ली.

झालं, आर्जव साधलं असं मी म्हणते न म्हणते, तोच दुसऱ्या दिवशी आमच्या बाई भांडी घासताना म्हणाल्या, "बाई, औंदा केक आला नाही काय वो? पोरं वाट बघायलीत."

मला काय बोलावं सुचेना. पंचवीस वर्षं मी ज्याला नकोशी वस्तू म्हणून देत होते, ती त्या घरात नाताळची वाट बघण्याची वस्तू होती. पोरांना ते ताट कुणाचं, कुठून येतं, काहीच माहीत नव्हतं. मी समोरच्या घरी गेले आणि तेही सांगितलं. आता त्या दर नाताळात आमच्या बाईंच्या नावानं वेगळा डबा भरतात आणि स्वतः त्यांच्या हातात देतात. केक ज्यांनी केला त्यांच्या हातून, ज्यांना हवा त्यांच्या हातात जातो. मधून माझा हात निघाला, एवढंच.

मंडळाला नेण्याआधी आंब्याचा कॉब्लर मी घरी करून बघितला होता. कृती तीच, आंबा गोड म्हणून साखर अर्धी आणि थोडा लिंबाचा रस. एक कप पिठाला दीड चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ. दालचिनीऐवजी वेलदोडा. सासूबाईंना सचित्तत्याग आहे, कच्चं फळ त्या घेत नाहीत. आंब्याच्या दिवसांत त्यांच्या पानात कायम शिजवलेला रस किंवा मोरंबा. हा कॉब्लर मात्र तासभर भाजलेला, फळ पूर्ण अचित्त. त्यांनी चमच्यानं थोडा घेतला आणि विचारलं, "कुणाची कृती?" त्यांना मात्र सगळं सांगितलं, पिशवीच्या गाठीपासून. त्यांनी ऐकून घेतलं. बोलल्या काही नाहीत. वाटी मात्र पुढं केली, अजून थोडा वाढ म्हणून.

जॉर्जियातल्या आजी आता मुलीकडं कॉब्लर पाठवत नाहीत. हंगाम आला की कच्च्या पीचची टोपली दाराशी ठेवतात. त्यात राग आहे की आमच्या नियमांची काळजी, हे मला अजून उमगलेलं नाही. मुलगी म्हणते काळजी. मी तिच्याएवढ्या खात्रीनं म्हणू शकत नाही.

आंब्याच्या कॉब्लरचा फोटो मी त्यांना पाठवला. खाली लिहिलं, तुमच्या कृतीनं केला, घरात सगळ्यांना आवडला. रात्री उत्तर आलं. चारच शब्द.

"या वेळी खाल्लात ना?"